किल्लेदार साहेबांस रामराम

सायखेडा,
१३ एप्रिल २०००

चि. रंगा,

आशीर्वाद. तुझा पत्ता म्हणजे वाऱ्याचा पत्ता. पण यंदा तू गडाच्या जत्रेत पाळणेवाल्यांकडे आहेस असं आई म्हणाली, म्हणून पाकिटावर ‘रंगनाथ, उंच पाळण्याच्या इंजिनावर बसतो तो, नांदुरी’ एवढंच लिहिलंय. पोचलं तर देवीची कृपा.

कारण असं, की मला परदेशातून पत्र आलंय. हसू नको. तुला ठाऊकच आहे, द्राक्षांच्या दिवसात मी इथल्या पॅकहाऊसला घड साफ करून पेट्या भरते. परवा पॅकिंग बंद झालं, शेठ कुलूप लावून नाशिकला गेले. काल सिंधुबाई आली. ती माझ्या शेजारच्या टेबलावर असते, तिचा नवरा तिथे वॉचमन आहे. पदराखालून पाकीट काढलं नि म्हणाली, “सतरा नंबर, हे तुझं दिसतंय बाई.” वर पॅकहाऊसचा पत्ता आणि खाली ठळक ‘१७’. सतरा म्हणजे मी. प्रत्येक पेटीवर भरणारीचा नंबर मारतात. काही वाईट निघालं तर कुणाला धरायचं ते कळावं म्हणून.

आता सांग, सातासमुद्रापलीकडून कुणी सतरा नंबरला कशाला लिहील? कौतुक करायला? तक्रारच असणार. केस निघाला असेल, नाहीतर किडा. अक्षर हाताचं आहे, मुंग्या रांगेने गेल्यासारखं. हायस्कूलच्या सरांना लांबूनच दाखवलं. ते म्हणाले, इंग्रजी नव्हे, जर्मन आहे. सायखेड्यात जर्मन कोण वाचणार? तू दहा गावचं पाणी पितोस, दहा तऱ्हेची माणसं भेटतात तुला. चार ओळी जशा दिसल्या तशा उतरवून पाठवते. कुणाकडून तरी वाचून घे. शेठने दार उघडायच्या आत मला कळायला हवं.

पाकिटावरचं तिकीट चहाच्या वाफेवर धरून सोडवलं. त्यावर किल्ला आहे. तू किल्ल्यांचा येडा, म्हणून ते तुला बक्षीस. पण आधी काम.

इथे घरी लिहिलंस तर जपून लिही. आमच्या सासूबाईंना, अंबूबाईंना, यातलं काही कळता कामा नये. त्यांना वाचता येत नाही, पण धाकटे दीर भाऊसाहेब त्यांना सगळं वाचून दाखवतात. तेव्हा पत्र सिंधुबाईच्या नावाने टाक.

तुझी,
ताई


सावंतवाडी,
९ मे २०००

ती. ताईस सा. न.,

पत्र पोचलं! पोस्टमन पाळण्याखाली उभा राहून ओरडत होता, “इंजिनवाला रंगनाथ कोण?” तेव्हा वरच्या पाळण्यात एक नवी जोडी होती, ती अर्धी घटका वरच लटकली कारण मी वाचत बसलो. मालक खवळला. म्हणून पाळणा सुटला. तसा सुटणारच होता. एकाच जागी गरगर फिरायचं, त्याला काय फिरणं म्हणतात?

नंतर कांद्याच्या गाडीवर बसून निघालो. ड्रायव्हर चांदवडचा निघाला, सोमा त्याचं नाव. आपल्या गावच्या बाजाराला त्याचा मामा शेव-रेवडी विकायचा. आठवतो का, एका डोळ्याने बारीक बघणारा? तोच. म्हणजे बघ, जग केवढंसं आहे. सोमा कोल्हापूरला मला उतरवणार होता, पण गप्पांत आंबोली आली. तिथे धुकं एवढं की—

बरं, तिकीट. ताई, काय किल्ला आहे गं! मी ते पाकिटात घालून फिरतो आणि भेटेल त्याला दाखवतो. डोंगराच्या नाकावर बसलाय, खाली नदी. बुरूज गोल, आणि प्रत्येक बुरुजाला निमुळती टोपी, बालवाडीतल्या पोरांना गॅदरिंगला घालतात तशी. भिंत कुठे ढासळलेली नाही. गवत नाही, शेळ्या नाहीत. मला पहिल्यांदा वाटलं, खोटा आहे. आपली इंद्राई बघ, पायथ्याशी जन्म गेला आपला, पण तिच्यावर अख्खं असं काय आहे? कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि ती फारसी अक्षरं. आठवतं? तू म्हणायचीस, त्यात खजिन्याची जागा लिहिलीय. मी म्हणायचो, ‘इथे थुंकू नये’ असं लिहिलंय. आता तुझं पत्रही तसंच. वाचता येत नाही म्हणून घाबरायचं कशाला?

माझं मत सांगू? पत्र त्या किल्ल्यातूनच आलंय. किल्लेदाराने द्राक्षं खाल्ली, खूष झाला, आणि म्हणाला, ही सतरा नंबर कोण आहे तिला बोलवा. तुझ्यावर राजा भाळलाय ताई. दाजींना सांगू नको.

तुझ्या चार ओळी मात्र शर्टाबरोबर धुतल्या गेल्या. परत पाठव. तिकीट शाबूत आहे. मी गोव्याला निघालोय. तिथे गोरे लोक पायलीचे पन्नास असतात, त्यात एखादा जर्मन असेलच. पत्ता: बाबूशचं खानावळ-झोपडं, हणजूण.

तुझा,
रंगा


सायखेडा,
३० मे २०००

रंगा,

धुतल्या गेल्या! तुझं डोकंही एकदा शर्टाबरोबर धुऊन घे. यावेळी निफाडहून अख्ख्या पत्राची झेरॉक्स काढून आणलीय, ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांध.

आणि आता खरं सांगते, म्हणजे तू राजा-किल्लेदार करत बसणार नाहीस. तक्रारीची भीती नाही मला. केस निघाला तर निघाला.

रंगा, माझी वाटी हरवलीय. मंगळसूत्रातली. सासरची.

पॅकहाऊसात बांगड्या काढून ठेवायच्या, टिकली काढायची, कानातलं काढायचं, असा नियम. मंगळसूत्र मात्र कुणी काढेना. तेव्हा सुपरवायझर म्हणाला, एप्रनच्या आत कापडात बांधून ठेवा. फेब्रुवारीत एका दिवशी घाईच्या वेळी माझी पोत तुटली. काळे मणी एप्रनमध्ये सापडले, माहेरची वाटी सापडली, सासरची नाही. टेबलाखाली, कचऱ्यात, घडांच्या देठांच्या ढिगात सगळं चाळलं. पेट्या तोवर थंड खोलीत गेल्या होत्या. बोलले असते तर सगळा माल उघडावा लागला असता. मी गप्प बसले. नंतर गडावर जाऊन पूजेच्या दुकानातून सोन्याचं पाणी दिलेली वाटी आणली आणि ओवली.

तू म्हणशील, एक वाटी ती काय. तुला आमच्या लग्नातलं आठवत नसेल. तू मांडवात कुठे होतास, बँडवाल्यांत. ती वाटी सासूबाईंची स्वतःची. सासरे वारल्यावर त्यांनी आपल्या मंगळसूत्रातल्या दोन्ही वाट्या जपून ठेवल्या. एक मला, एक भाऊसाहेबांच्या होणाऱ्या बायकोला. तेव्हा आपली अक्काबाई आत्या भर मांडवात म्हणाली होती, “विधवेची वाटी पोरीच्या गळ्यात? अपशकुन आहे.” सासूबाई एवढंच म्हणाल्या, “बाई विधवा व्हती. सोनं न्हाय व्हत.” आणि आपल्या हाताने ओवलीसुद्धा नाही, एका सवाष्णीकडून ओवून घेतली. लांब उभ्या राहून बघत होत्या.

आता भाऊसाहेबांचं जमलंय. ओझरची मुलगी आहे, शुभांगी. लग्न डिसेंबरात. आणि तिच्या आईनेही तेच काढलंय: “ती वाटी नको, नवी करा.” सासूबाई म्हणाल्या, “थोरलीच्या गळ्यात पाच वर्षं हाय, काय वाईट झालं तिचं?” म्हणजे आता माझा गळा हा पुरावा आहे रंगा. आणि गळ्यात काय आहे? गडावरच्या दुकानातलं पितळ. हरवली म्हणून सांगितलं तर सगळ्या म्हणतील, बघा, ती वाटी टिकलीच नाही. सासूबाई दुसरी वाटी परत गाठोड्यात बांधतील आणि पुन्हा कधी बाहेर काढणार नाहीत.

लग्नाआधी दोन्ही वाट्या जोडीने सोनाराकडे उजळायला द्यायच्या ठरल्यात. सोनार काय, नख लावून ओळखेल.

म्हणून त्या पत्राची मला आशा आहे. सतरा नंबरच्या पेटीत काही सापडल्याशिवाय सतरा नंबरला कोण लिहील?

उनाडू नकोस. वाचून घे.

ताई


हणजूण, गोवा,
१६ जुलै २०००

ती. ताईस,

वाचून कसंसं झालं. बँडवाल्यांत होतो हे खरं, खुळखुळा वाजवत होतो. पण मला तू तेव्हाच का नाही सांगितलंस?

आता एक वाईट बातमी आणि एक चांगली.

वाईट अशी की गोव्यात जर्मन नाहीत. कुणीच नाही. पावसात गोरे लोक आपापल्या घरी जातात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. समुद्र काळा-करडा, झोपड्यांवर माडाची झावळं बांधून ठेवलेली, आणि अख्ख्या किनाऱ्यावर मी, बाबूश आणि त्याचं लंगडं कुत्रं. बाबूश जहाजावर आचारी होता, आता इथे सीझनला खानावळ चालवतो. त्याला थोडं इंग्रजी येतं, जर्मन येत नाही. मी त्याच्या होडीला डांबर लावतो आणि जेवतो. काल त्याने बांगड्याचं काय तिखलं केलं होतं, म्हणजे आपलं माशाचं कालवण! कोकम नाही, ते वेगळंच काहीतरी आंबट, झाडावर घोसाने लागतं, त्याचं नाव— जाऊ दे.

चांगली बातमी: मी बसून राहिलो नाही. मी किल्लेदाराला पत्र टाकलं!

असं बघ, पत्ता झेरॉक्सवर नाही, पाकीट तुझ्याकडे. पण तू मला ‘इंजिनावर बसतो तो’ एवढ्यावर पत्र पोचवलंस की नाही? मग किल्ला तर माझ्याहून मोठा आहे. मी पाकिटावर मधोमध त्या किल्ल्याचं चित्र काढलं, टोप्यांसकट, खाली नदी काढली, आणि बाबूशने तिकिटावरची बारीक अक्षरं जशीच्या तशी इंग्रजीत उतरवली. खाली ‘जर्मनी’. पोस्टातली बाई म्हणाली, “हें किदें?” मी म्हटलं, पत्ता. तिने शिक्का मारला.

आत मी मराठीत लिहिलं: “किल्लेदार साहेबांस रामराम. आपल्या किल्ल्यावर आमच्याकडची द्राक्षं आली, त्यात माझ्या बहिणीची सोन्याची वाटी आली असावी. ती तिच्या सासूची आहे. शोध घ्यावा. आम्हीही किल्ल्याखालचीच माणसं आहोत, इंद्राईच्या.” खाली बाबूशने इंग्रजीत चार ओळी घातल्या आणि वाटीचं चित्र मी काढलं. उत्तरासाठी तुझ्या घरचा पत्ता दिलाय, व्यवस्थित, पिनकोड घालून.

आता बोल.

रंगा


सायखेडा,
१० ऑगस्ट २०००

रंगनाथा,

घरचा पत्ता! सिंधुबाईचा नाही, पॅकहाऊसचा नाही, थेट सासूबाईंच्या ओट्याचा! आता रोज पोस्टमनची सायकल वाजली की मी हातातलं टाकून पळते. परवा कणकेच्या हातानेच पळाले. काय होतं? विजेचं बिल.

आणि अरे शहाण्या, तिकिटावर किल्ला आहे म्हणून पत्र किल्ल्यातून येतं का? आपल्या तिकिटावर गांधीजी असतात, म्हणून तुझी पत्रं काय गांधीजींच्या घरून येतात? मी सिंधुबाईला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. म्हणाली, “तुझ्या भावाला मोराचं तिकीट देऊ नको बाई, मोराला पत्र लिहील.”

मी हसले. मग रात्रभर नाही हसले.

पाकीट बघशील तर मागच्या बाजूला पत्ता असायला हवा होता, पण वाफेवर धरताना ती शाई सगळी पसरली. तुला तिकीट द्यायच्या नादात. तेव्हा दोष निम्मा माझा. जास्त बोलत नाही.

सासूबाईंचं काहीतरी बिनसलंय. मागल्या आठवड्यात माझ्या गळ्याकडे बघत म्हणाल्या, “वाटी लय चमकती गं यंदा.” मी म्हटलं, “चिंचेने धुतली.” त्या “हूं” म्हणाल्या आणि जात्यापाशी जाऊन बसल्या. तेव्हापासून सोनाराचं नाव काढलं की त्यांचे गुडघे दुखतात. भाऊसाहेब म्हणतात उद्या जाऊ, या म्हणतात पुढच्या बाजारी जाऊ. मला बरंच आहे. पण माझ्याशी नीट बोलत नाहीत रे. मला वाटतं, त्यांना कळलंय, आणि मी कधी तोंड उघडते ते बघतायत.

गोरे लोक कधी येतात तिकडे?

ताई


हणजूण,
२४ ऑक्टोबर २०००

ताई,

आले! आणि पत्र वाचलं गेलं. आता बस आणि वाच. उभ्याने वाचू नको.

एक जर्मन बाई आलीय, साठीची, मोटरसायकलवर. एकटी. मोटरसायकल केवढी, आपल्या म्हशीएवढी. तिची साखळी मी बसवून दिली, तर ती पैसे द्यायला लागली. मी म्हटलं, पैसे नको, हे वाचा. गळ्यातली प्लास्टिकची पिशवी काढली. हो, खरंच गळ्यात बांधली होती.

तिने वाचून बाबूशला इंग्रजीत सांगितलं, बाबूशने मला कोंकणी-हिंदीत, आणि मी तुला मराठीत सांगतोय. तीन चाळण्यांतून आलंय, तेव्हा थोडा कोंडा असेल.

लिहिणारी एक आजी आहे, मार्था नावाची. तिने मार्चात बाजारातून द्राक्षं आणली. खाता खाता तिच्या नातीच्या, कात्याच्या, हाताला घडात अडकलेली एक इवलीशी सोन्याची वाटी लागली. (ताई!! मी बाबूशला तीनदा विचारलं. सोन्याची, वाटी, भोकं असलेली.) त्यांच्याकडे अशी रीत आहे म्हणे, की सणाच्या केकमध्ये एक वस्तू लपवायची, आणि ज्याच्या वाटणीला ती येईल त्याचं वर्षभर भलं. तर त्यांना वाटलं, हिंदुस्थानात द्राक्षांत तसं घालतात! म्हातारी लिहिते की, “सतरा नंबरच्या बाई, तुम्ही आमच्या पेटीत शुभ घातलंत. माझ्या नातीचं सप्टेंबरात लग्न आहे. ती हे तुमचं शुभ गळ्यात घालणार आहे. तुमचे आभार कसे मानू? लग्न जिथे आहे, ती जागा तुम्हाला कळावी म्हणून मुद्दाम त्याच किल्ल्याचं तिकीट लावते आहे.”

म्हणजे मी अगदीच चूक नव्हतो! किल्ला होता. सिंधुबाईला सांग.

पण ताई, आता ऑक्टोबर. लग्न झालं. वाटी तिच्या गळ्यात गेली.

जर्मन बाई पुन्हा पत्र लिहून द्यायला तयार आहे, यावेळी त्यांच्याच भाषेत: हे शुभ नाही, चुकून पडलंय, परत करा. विमानाने आलं तर भाऊसाहेबांच्या लग्नाच्या आत येईल. तू हो म्हण, मी लगेच टाकतो.

रंगा


सायखेडा,
२ नोव्हेंबर २०००

रंगा,

नको.

दोन दिवस विचार केला. नवरीच्या गळ्यात पडलेली वाटी, शुभ म्हणून घातलेली, ती काढून द्या असं कोणत्या तोंडाने म्हणू? एकदा त्या वाटीला अपशकुनी म्हणून झालंय. आता मी दुसऱ्यांदा म्हणायचं?

सासूबाईंना सांगून टाकते. तुळशीचं लग्न होऊ दे.

ताई


सायखेडा,
१९ नोव्हेंबर २०००

रंगा,

मी सांगायच्या आतच झालं. तुझ्या पिनकोडाने घात केला.

तुळशीच्या लग्नाची रांगोळी काढत होते. पोस्टमन आला तो मला दिसलाच नाही. सासूबाई ओट्यावर कांद्याची रोपं निवडत होत्या. त्यांनी पाकीट घेतलं, उलटंपालटं केलं आणि मला हाक मारली.

“सुवर्णा. हे काय आलंय बघ. ह्याच्यावर किल्ला हाय.”

तोच किल्ला, रंगा. त्याच टोप्या. भाऊसाहेबांनी पाकीट फोडलं. आत इंग्रजी पत्र आणि एक फोटो. भाऊसाहेब वाचायला लागले, तशी मी म्हटलं, “थांबा, आधी मी सांगते.” आणि रांगोळीच्या हातानेच उभी राहून सगळं सांगितलं. पोत तुटली इथपासून तुझ्या मोटरसायकलवाल्या बाईपर्यंत. गळ्यातलं पितळ काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

सासूबाईंनी ते उचलून तळहातावर घेतलं. मग म्हणाल्या, “हरपली व्हती?”

“हो.”

“तू काढून नाय ठिवली?”

मला कळेचना. “मी कशाला काढून ठेवीन?”

तर रंगा, त्या बाईने पदर तोंडाला लावला. “मला वाटलं, तुलाबी भ्या वाटलं माझ्या वाटीचं. तुझ्या आत्यावानी. म्हनलं, पोरीनं माझी काढली नि नवी घातली, मला वाईट वाटू नाय म्हनून गप ऱ्हायली. मी ती वळखली नाय व्हय? माझी वाटी अशी कधी चमकली नव्हती.”

म्हणून सोनाराकडे जाताना गुडघे दुखत होते! म्हणजे मी त्यांच्यापासून लपवत होते, आणि त्या मला उघडं पडू देत नव्हत्या. तीन महिने एकाच चुलीवर.

मग भाऊसाहेबांनी पत्र वाचलं. तुझं चित्राचं पाकीट खरंच त्या किल्ल्यावर पोचलं म्हणे. चित्रातली वाटी तिथल्या माणसांना नवरीच्या गळ्यात दिसली, म्हणून त्यांनी ते ऐन लग्नात आणून दिलं, आणि तुझं मराठी कुणाला कळेना म्हणून ते भिंतीवर लावलं. बाबूशच्या चार ओळी मात्र कात्याला कळल्या. तिने लिहिलंय, ‘मला लाज वाटते. आम्ही शुभ समजलो आणि तुमची वस्तू घालून बसलो. तुम्ही एक शब्द कळवा, मी लगेच परत पाठवते. तुमचं उत्तर येईपर्यंत मात्र मी ती काढत नाही, कारण काढून ठेवली तर हरवेल.’

सासूबाईंनी फोटो घेतला. उजेडात धरला. पांढऱ्या कपड्यातली उंच पोरगी, मागे तो किल्ला, आणि गळ्यात बारीक साखळीत एकच वाटी.

“हे तिचं घर?”

“नाही हो, इथे लग्न लागलं.”

“म्हंजी मंगल कार्यालय,” त्या म्हणाल्या. “लय भाडं असंल.” मग फोटो एकदम डोळ्याशी नेला. “अगं सुवर्णा! उलटी घातली बघ! वाटी उलटी घातली तिनं!”

खरंच. पोकळ बाजू बाहेर. आपल्याकडे नवी नवरी पहिल्या संक्रांतीपर्यंत घालते तशीच. तिला बिचारीला कोणती बाजू कुठली हेच ठाऊक नसणार. पण सासूबाईंना कोण सांगणार? फोटो घेऊन शेजारी गेल्या. “माझी वाटी गोऱ्या नवरीच्या गळ्यात, उलटी घातली बघ, रीतीपरमानं.” तिथून सिंधुबाईकडे. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांना घेऊन ओझरला. शुभांगीच्या आईपुढे फोटो ठेवला आणि म्हणाल्या, “समिंदरापल्याड शुभ म्हनून घातली. तुमची पोर काय त्यांच्यापरीस नाजूक हाय?” विहीणबाई हसायला लागल्या. दुसरी वाटी शुभांगीच्या गळ्यात जाणार. मला सोनार नवी घडवतोय. सासूबाई म्हणाल्या, तुझी पाच वर्षं माझी घालून झाली, आता तू तुझी घाल.

परत मागायची का, असं भाऊसाहेबांनी विचारलं. सासूबाईंनी नुसतं बघितलं त्यांच्याकडे.

आता हुकूम असा आहे की उत्तर तू लिहायचंस. “किल्ल्यावर पत्र पोचवायला त्योच लागतो,” असं म्हणतात. दहा तारखेला लग्न आहे. वेळेवर ये. बँडवाल्यांत जाऊन उभा राहिलास तरी चालेल, पण ये.

तुझी,
ताई


सायखेडा, जि. नाशिक,
१४ डिसेंबर २०००

किल्लेदार साहेबांस रामराम. हे पत्र आपण कात्याबाईंना द्यावे. मागचे आपण पोचवलेत, उपकार आहेत.

कात्याबाई, सांगतायत अंबूबाई, लिहितोय मी, रंगनाथ. त्या जसं बोलतायत तसंच उतरवतो. तुमच्याकडे कुणी ना कुणी वाचेल. वाचायला एखादी मोटरसायकलवाली बाई सापडतेच.

“बाई, वाटी तुझी. गळ्यात पडलेली वाटी माघारी घेत नसत्यात. ती माझी व्हती, माझ्या मालकानं केली व्हती पयल्या कांद्याच्या पैशात. मग थोरल्या सुनेची झाली. आता तुझी. म्हंजी तू आमच्या घरातली झाली, तवा तुझी वटी भराया पायजे.

“सोबत खण हाय, हिरवा. तांदूळ हायेत, हळकुंड, सुपारी, कुकू. नारळ पोष्टवाला घेत नाय, म्हनून सुकं खोबरं घातलंय.”

(इथे त्या थांबल्या. ओटी सवाष्णीने भरायची असते, म्हणून ताट ताईच्या पुढ्यात होतं. ताईने ते त्यांच्याकडे सरकवलं. त्या म्हणाल्या, “मी नाय भरायची गं.” ताई म्हणाली, “भरा की.” नवी नवरी शुभांगीही म्हणाली, “भरा की हो आत्याबाई.” अंबूबाईंनी दाराकडे बघितलं, मग पाकिटावरच्या किल्ल्याकडे बघितलं, जो मी नुकताच काढून संपवला होता, टोप्यांसकट. आणि म्हणाल्या, “तिकडं किल्ल्यावर कोन बघतंय!” सगळं त्यांनी आपल्या हाताने खणात बांधलं. मालक गेल्यापासून बारा वर्षांनी. गाठ एवढी घट्ट मारलीय की तुम्हाला कातर लागेल.)

“आनि एक. तू वाटी उलटी घातली ते बराबर केलं. नव्या नवरीनं उलटीच घालायची. पन आता संक्रांत येईल. तुमच्यात संक्रांत नसंल, तर थंडीत आमचं खोबरं पोचंल त्या दिवशी तीळगूळ समजून खा.

“आनि मंग वाटी सुलटी कर.”